रोज पाच डॉलर: न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत मी तुमच्यापैकी पाच-सहा जणांच्या मागे उभी होते. तुमच्यातल्या एका दादांना ज्यूरी ड्यूटीचं, म्हणजे नागरिक म्हणून कोर्टात बसून खटल्याचा निवाडा करायच्या कामाचं, समन्स आलं होतं आणि बाकीचे त्यांना ते टाळायचं कसं हे शिकवत होते. रांग लांब होती, मसालेभात संपून दुसरं पातेलं यायचं होतं, त्यामुळे मला सगळी शिकवणी ऐकायला मिळाली.

एकाने सांगितलं, इंग्रजी येत नाही असं लिहून टाक. (हे गृहस्थ दर सोमवारी तीन देशांतल्या टीमशी इंग्रजीत भांडतात, हे त्यांनीच थोड्या वेळापूर्वी सांगितलं होतं.) दुसऱ्याचा सल्ला, उत्तरच देऊ नकोस, साध्या टपालाने येतं, तुला मिळालं याला पुरावा काय? एक वहिनी म्हणाल्या, जजने विचारलं की सांगायचं, पोलिस कधीच खोटं बोलत नाहीत असं मी मानते. एकतर्फी माणूस नको म्हणून दहा मिनिटांत घरी पाठवतात. आणि एका काकांनी ‘नागरिक नाही’ या चौकोनात खूण करायला सांगितली. काका, तुम्हाला नागरिकत्व मिळालं तेव्हा तुम्ही पेढे वाटले होतेत. त्यातला एक मी खाल्लाय.

मी तेव्हा काही बोलले नाही. जेवले, आरतीला थांबले, घरी आले. राग नंतर आला, आणि तो नक्की कशाचा हे कळायला आणखी काही दिवस लागले. कारण लबाडी म्हणावी तर ती आपण सगळेच थोडीफार करतो. राग त्या दादांच्या एका वाक्याचा होता. ते म्हणाले, “पगाराचा प्रश्न नाही रे, कोर्टाचा कागद एचआरला दिला की पगार पूर्ण मिळतो. पण प्रोजेक्टचं काय?”

पगार पूर्ण मिळतो. दादा, हे पत्र त्या तीन शब्दांमुळे लिहिते आहे.

मी एका औषधांच्या दुकानात फार्मसी टेक्निशियन आहे. गोळ्या मोजणं, लेबल लावणं, इन्शुरन्स कंपनीच्या फोनवर अर्धा तास संगीत ऐकत थांबणं, हे माझं काम. पैसे तासावर मिळतात. तास भरले तर पैसे, नाही तर नाही. २०२३ च्या वसंतात मला समन्स आलं, मी गेले, ज्यूरीत निवडली गेले आणि खटला चार दिवस चालला. ताशी २१ डॉलर, दिवसाचे आठ तास, चार दिवस: माझे ६७२ डॉलर बुडाले. कोर्टाने मला काय दिलं? न्यू जर्सीत पहिल्या तीन दिवसांचे रोज पाच डॉलर आणि चौथ्या दिवसापासून रोज चाळीस. म्हणजे पाच, पाच, पाच आणि चाळीस. पंचावन्न डॉलरचा चेक काही आठवड्यांनी टपालाने आला. पाच डॉलरमध्ये ओक ट्री रोडवर वडापाव आणि चहा एकत्र घ्यायचा म्हटलं तरी आधी पाटीवरचे भाव वाचावे लागतात.

तुम्ही म्हणाल, मग तू तर आमच्याच बाजूची, तुलाही टाळावंसं वाटलं असेल. वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? पण आपल्या टाळण्यात एक फरक आहे. मी टाळलं असतं तर पैशासाठी. तुम्ही टाळता ते कंटाळा येतो म्हणून. आणि कोर्टाला माणसं लागतातच. फौजदारी खटल्याला बारा, दिवाणीला सहा. तुम्ही गळलात की खटला काही रद्द होत नाही, यादीतलं पुढचं नाव येतं. ते नाव माझं असतं, किंवा माझ्या शेजारी राहणाऱ्या, रात्रपाळीला गोदामात खोकी उचलणाऱ्या बाईचं.

ही यादी कशी तयार होते ते आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्या राज्यात मतदार, वाहन परवानाधारक आणि राज्याचा आयकर भरणारे अशा नोंदी एकत्र करून त्यातून नावं काढतात. म्हणूनच ग्रीन कार्डवर किंवा एच-वनवर असलेल्यांनाही हा कागद येतो आणि घरात घबराट होते. त्यांनी घाबरायचं कारण नाही. तुम्ही नागरिक नाही, तर तसं खरं खरं लिहा, कागद परत पाठवा, विषय संपला. मात्र दोन गोष्टी करू नका. कागद कचऱ्यात टाकू नका, आणि उत्साहाच्या भरात नागरिक असल्याची खूण करू नका. अमेरिकन नागरिक असल्याचा खोटा दावा इमिग्रेशनच्या दृष्टीने फार महाग पडतो. काकांचा सल्ला याच्या बरोबर उलटा आहे: नागरिक असून नाही म्हणायचं. काका, त्या प्रश्नावलीवर आपण उत्तरं खरी आहेत म्हणून सही करतो. समन्स येऊनही जो फिरकत नाही त्याला आपल्या राज्यात पाचशे डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, कोर्टाच्या अवमानाची कारवाईही होऊ शकते. दरवेळी होते असं नाही. पण तुम्ही पासपोर्टच्या फोटोत कान दिसतात की नाही हे तीनदा तपासणारी माणसं, इथेच एवढी बेफिकिरी कुठून येते?

कुठून येते ते खरं तर मला माहीत आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण आईच्या दुधाबरोबर पितो. माझे वडील कऱ्हाडला सायकलचं दुकान चालवायचे. एकदा समोरच्या गल्लीत चोरी पकडली तेव्हा पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून हाताला धरून नेलं आणि पंच म्हणून पंचनाम्यावर सही घेतली. पुढची सहा वर्षं त्यांना साक्षीचं समन्स येत राहिलं. दुकान बंद करून जायचं, व्हरांड्यात बसायचं, संध्याकाळी कळायचं की आज आरोपीचा वकील आलेला नाही. नऊ खेपा झाल्या. साक्ष एकदाच झाली, तीही सात मिनिटांत, आणि उलटतपासणीत वकिलाने त्यांना विचारलं की तुम्ही पोलिसांचे नेहमीचे पंच आहात काय. त्या प्रश्नाचा अपमान त्यांनी मरेपर्यंत बाळगला. तेव्हा कोर्टाचा लिफाफा दिसला की आपल्या पोटात का गोळा येतो, हे मला समजावून सांगू नका.

पण इथला लिफाफा तो नाही. इथे तुम्हाला कोणी पिंजऱ्यात उभं करत नाही. तुम्हाला न्याय करायच्या खुर्चीवर बसवतात.

आणि कामाची अडचण असेल तर सरळ मार्ग आहेत. पुढची तारीख मागता येते, त्यासाठी पोलिस कधी खोटं बोलत नाहीत असं म्हणावं लागत नाही. मीही मागितली होती. समन्सवरची पहिली तारीख मार्चमधली होती. तेव्हा दुकानातला दुसरा टेक्निशियन भारतात गेला होता, मी ती बदलून मे महिन्यात घेतली. मागच्या तीन वर्षांत सेवा केली असेल, वय पंचाहत्तर किंवा जास्त असेल, आजार असेल, घरात सांभाळायला दुसरं कोणी नसलेलं मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर सूट मागता येते. पैशाची अडचणही धरतात, पण ती खरोखरची लागते: या कामामुळे तुम्हाला स्वतःला किंवा तुमच्यावर अवलंबून असलेल्यांना पोसता येणार नाही इतकी. घरातली बाकीची मिळकत किती, पगाराची भरपाई कुठून मिळते का, खटला किती दिवस चालेल, हे सगळं बघतात. माझ्या नवऱ्याला नोकरी आहे. तेव्हा घरातली चूल बंद पडेल असं मला खऱ्याने म्हणता आलं नसतं. महिना ओढाताणीत जाईल, एवढंच म्हणता आलं असतं, आणि ओढाताणीसाठी त्या अर्जावर चौकोन नाही.

आता त्या खोलीबद्दल सांगते. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली नाही.

न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात सकाळी लवकर हजर राहायचं. दारात विमानतळासारखी तपासणी. मग एक मोठी खोली, रांगांनी मांडलेल्या खुर्च्या, भिंतीवर टीव्ही, आणि शे-दीडशे माणसं जी एकमेकांकडे बघायचं टाळतात. एक व्हिडिओ दाखवतात. आपल्या मनात नकळत कसे पूर्वग्रह असतात यावरही त्यात बरंच काही होतं, आणि ते चांगलं होतं. मग वाट बघायची. मी डब्यात पोळीभाजी नेली होती, ती साडेदहालाच खाल्ली. शेजारी एक छपरं बसवणारा माणूस होता, हातावर डांबराचे डाग. त्याच्या पलीकडे निवृत्त शाळामास्तरीण, लोकर विणत होती.

दुपारी आमच्यातल्या चाळीसेक जणांना वरच्या मजल्यावर नेलं. नावं निघाली, एकेकाला बोलावून प्रश्न विचारले. डांबरवाल्या माणसाने सांगितलं की त्याला तीन मुलं आहेत, पाऊस नसेल तेव्हाच काम मिळतं आणि त्या आठवड्यात हवा कोरडी आहे. जजने त्याला सोडलं. घरं साफ करणाऱ्या एका बाईला सोडलं. उबर चालवणाऱ्याला सोडलं. बरोबरच होतं ते, मी जज असते तरी सोडलं असतं. पण मी मागे बसून बघत होते, आणि हळूहळू त्या बाकांवर कोण उरतंय ते दिसायला लागलं. सरकारी नोकर, ज्यांचा पगार चालू राहतो. निवृत्त लोक. एक-दोन मोठ्या कंपन्यांतले. आणि मी. हातावर पोट असलेला माणूस परवडत नाही म्हणून गेला, आणि ज्याला सहज परवडतं तो, म्हणजे रांगेतले तुम्ही, आधीच पसार झालेला. मग निवाडा करायला उरतं कोण?

हा प्रश्न मला नवीन वाटला होता. तो नवीन नाही. नंतर वाचनालयात बसून मी थोडं वाचलं. कॅलिफोर्नियात एका प्रवाशाने चालत्या आगगाडीच्या खिडकीतून उडी मारली, जखमी झाला आणि रेल्वे कंपनीवर दावा लावला. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात ज्यूरीची यादी करणाऱ्यांनी रोजंदारीची माणसं यादीत घेतलेलीच नव्हती, मुद्दाम. कोर्टाच्या कारकुनाने साक्षीत सरळ सांगितलं की नावापुढे गोदी कामगार असं दिसलं की मी ते नाव घालतच नाही; दिवसाला दहा डॉलर कमावणारा माणूस चार डॉलरवर येणार नाही म्हणतो आणि जज त्याला सोडतातच, मग बोलवायचं कशाला? प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९४६ मध्ये न्यायमूर्ती मर्फी यांनी निकाल लिहिला: अख्खा वर्गच्या वर्ग असा वगळता येणार नाही. एखाद्याची अडचण खरी असेल तर त्याला सोडा, पण रोजंदारीवाला म्हणून दारातच अडवू नका. आणि त्याच निकालात त्यांनी हेही म्हटलं की गैरसोय होते किंवा मिळकत कमी होते एवढ्यावर हे कर्तव्य झटकता येणार नाही.

निकाल उत्तम. पण १९४६ मध्ये त्या कोर्टाचा भत्ता होता चार डॉलर, आणि २०२३ मध्ये माझा होता पाच. सत्त्याहत्तर वर्षांत एक डॉलर वाढला असं म्हटलं तर वकील मला टोकतील की ते फेडरल कोर्ट आणि हे राज्याचं. बरोबर आहे त्यांचं. फेडरल कोर्टात आता रोज पन्नास मिळतात. मग आमचं कोर्ट त्यांच्या कितीतरी मागे राहिलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

खटल्याचे तपशील मी मुद्दाम धूसर ठेवते आहे, कारण ती माणसं याच काउंटीत राहतात. दावा दिवाणी होता. एक वयस्कर बाई एका इमारतीच्या जिन्यावरून पडली. तिचं म्हणणं, जिन्यात दिवा नव्हता. मालकाचं म्हणणं, दिवा होता, बाईंची तब्येत बरी नव्हती. बाई हिंदी बोलणाऱ्या. साक्ष दुभाष्यामार्फत.

साक्ष सुरू होण्याआधी जजने आम्हाला बजावलं की तुमच्यापैकी कोणाला हिंदी येत असलं तरी पुरावा म्हणून इंग्रजी भाषांतरच धरायचं. स्वतःचं भाषांतर मनात करून त्यावर निवाडा करायचा नाही, ज्यूरीतल्या इतरांशी त्याबद्दल बोलायचं नाही. काही चूक वाटली तर चिठ्ठी लिहून कोर्टाच्या शिपायाकडे द्यायची. मी मान डोलावली. मला वाटलं, सोपं आहे. एक भाषा कानात शिरते आहे आणि ती आपल्याला येत नाही असं वागणं किती अवघड असतं, ते करून बघा एकदा.

तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “मेरी आँखों के आगे अँधेरा छा गया।”

दुभाषी सकाळपासून बोलत होता, दमला होता. त्याने इंग्रजीत सांगितलं, माझ्यासमोर अंधार झाला.

तुम्हाला फरक कळला. कोर्टात कोणालाही कळला नाही. अंधार झाला म्हणजे दिवा नव्हता. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणजे चक्कर आली. सगळा खटला ज्या खिळ्याला टांगलेला, तोच हा खिळा. दोन्हीकडचे वकील पुढे निघाले, जजने काहीतरी लिहून घेतलं आणि ज्यूरीत सगळे कागदावर ‘अंधार’ लिहीत होते.

मी काय केलं ते सांगते, पण ते करायला मला बराच वेळ लागला हेही सांगते. कारण ती बाई माझ्या आईसारखी दिसत होती. साडीवर स्वेटर, हातात काचेच्या बांगड्या, दर वाक्याला जजला ‘साहब’. माझी चिठ्ठी तिच्या विरोधात जाणार होती आणि ते कळणारी त्या खोलीत बहुधा मी एकटीच होते. गप्प बसले असते तर कोणाला कधीच समजलं नसतं. मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबले. मग दोन ओळी लिहून शिपायाला दिल्या: साक्षीदाराने वापरलेल्या वाक्प्रचाराचा अर्थ चक्कर येणं असाही होऊ शकतो असं मला वाटतं, कृपया खुलासा व्हावा. जजने वकिलांशी बाजूला चर्चा केली, मलाही बोलावून विचारलं की यापुढे मी भाषांतरावर विसंबून राहू शकेन का. दुपारी बाईंना तो प्रश्न पुन्हा, तुकडे पाडून विचारला. बाई म्हणाल्या, चक्कर आली, आणि दिवाही नव्हता. दोन्ही.

दोन्ही! म्हणजे माझी ‘आपली बाई’ वाचवायची घालमेल आणि मालकाच्या वकिलाची खुशी, दोन्ही अर्धी अर्धी खरी निघाली.

ज्यूरी हा शब्द निघाला की आपल्या बैठकीत लगेच कोणीतरी नौदल अधिकारी नानावटींचा खुनाचा खटला काढतो: १९५९, मुंबईचं सेशन्स कोर्ट, आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष, आणि मग हायकोर्टाने फिरवलेला निकाल. गप्पांना बरा आहे. मला मात्र त्या दुपारी टिळक आठवले. १९०८ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला तो ‘केसरी’तल्या लेखांवरून. लेख मराठी. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. त्यांच्यापुढे ठेवली होती ती इंग्रजी भाषांतरं. स्वतःच्या बचावाच्या भाषणात, जे एकवीस तासांवर चाललं, टिळकांना त्या भाषांतरातल्या शब्दांशी झुंजावं लागलं: माझ्या मराठीचा हा अर्थ नाही, तो हा आहे. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं. त्याआधी त्यांच्यावरच्याच १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्याचा निकालही सहा विरुद्ध तीन असाच फुटला होता. तेव्हाच्या सरकारने बरोबर ओळखलं होतं की कोण बसतं यावर सगळं अवलंबून आहे. आपल्या माणसाला भाषा कळणारी ज्यूरी मिळाली नाही याचा राग आपण शंभर वर्षांहून अधिक काळ जपला, शाळेत त्यावर भाषणं केली. मीही केलंय, चौथीत असताना, डोक्याला पगडी बांधून. आणि आता आपल्यालाच त्या बाकावर बसायला बोलावतात, तर आपण इंग्रजी येत नाही म्हणून सांगायचं?

टिळकांची आणि एका जिन्याच्या दाव्याची तुलना नाही, मला कळतं. पण एडिसन आणि इझेलिनमध्ये एवढे आपले लोक राहतात. त्यांचे अपघात होतात, भाडेकरूंशी भांडणं होतात, मुलांवर आरोप येतात. ते कोर्टात उभे राहतात तेव्हा समोरच्या बाकावर त्यांच्यासारखं कोणी दिसलं नाही की नंतर आपणच म्हणतो, इथे आपल्याला न्याय मिळत नाही.

बाकावर जाऊनही टिकाल याची खात्री नाही, हेही खरं. न्यू यॉर्कमधल्या एका खटल्यात सरकारी वकिलाने स्पॅनिश येणाऱ्या माणसांना ज्यूरीतून वगळलं होतं, कारण दुभाष्याचंच भाषांतर मानाल का या प्रश्नावर ती घुटमळली. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये ते खपवून घेतलं. त्या खटल्याबद्दल वाचलं तेव्हा मला माझी मान डोलावणं आठवलं. मी न घुटमळता डोलावली होती, ती काही फार विचार करून नव्हे.

चौथ्या दिवशी वकिलांची शेवटची भाषणं झाली. इथे खटल्याला सहापेक्षा जास्त माणसं बसवतात आणि निकालाच्या खोलीत जाण्याआधी जास्तीची माणसं चिठ्ठी काढून बाजूला करतात. पहिल्याच चिठ्ठीवर माझं नाव निघालं. मी बाहेर. चार दिवस ऐकलं, ती चिठ्ठी लिहिली, आणि मत द्यायची पाळी आली तेव्हा मी व्हरांड्यात होते, हातात रिकामा डबा. सहातल्या पाच जणांचं एकमत झालं तरी दिवाणीत निकाल लागतो, तसा तो लागला असणार. काय लागला ते मी फोन करून विचारलं नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आता तुमच्यातल्या दुकानदारांशी दोन शब्द. किराणा, औषधं, मोटेल, डे केअर, केटरिंग चालवणाऱ्या आपल्या लोकांशी. माझ्या मालकांनी मला कामावरून काढलं नाही, धमकी दिली नाही. ते करायला कायद्याने मनाईच आहे. त्यांनी एवढंच विचारलं, “आत्ताच जायचं होतं का तुला?” आणि चार दिवस कापले. न्यू जर्सीत खाजगी मालकाला हे पैसे द्यायची सक्ती नाही, त्यामुळे त्यांनी गैर काही केलं नाही. पण मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले तीन दिवस मालकाला नेहमीचा पगार द्यावाच लागतो, आणि तिथली दुकानं काही बुडालेली नाहीत. कनेक्टिकटमध्ये पूर्णवेळ माणसाला पहिले पाच दिवस. नदीपलीकडे न्यू यॉर्कने रोजचा भत्ता २०२५ मध्ये चाळीसवरून बहात्तर केला. तुमच्याकडे चार-पाच माणसं कामाला असतील. त्यातल्या एखाद्याला तीन वर्षांतून कधीतरी समन्स येणार, बहुतेक वेळा एका दिवसात परत येणार. ते दिवस भरून द्या. दिवाळीत काजूकतलीचे डबे देता त्याचा खर्च काढा आणि याचा काढा.

आणि मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती. निवडणूक जवळ आली की राज्याच्या राजधानीतले, ट्रेंटनच्या विधिमंडळातले आमदार आपल्या मंचावर येतात, ‘नमस्ते’ म्हणतात, शाल-श्रीफळ घेतात, लेझीम बघून टाळ्या वाजवतात. यंदा त्यांच्या हातात नारळ द्यायच्या आधी माइक द्या आणि एकच विचारा: रोजच्या पाच डॉलरचं काय करणार आहात? उत्तर काहीही येवो, प्रश्न तेलुगू, गुजराती, पोलिश आणि पोर्तोरिकन मंडळांनीही विचारला तर त्यांना झोप येणार नाही.

दादा, तुमच्या प्रोजेक्टचं म्हणाल तर समन्सच्या कागदावरच तारीख बदलून मागायची सोय लिहिलेली असते. रिलीज झाल्यावरची तारीख घ्या. लॅपटॉप न्या, वाट बघायच्या खोलीत बरेच जण काम करतात. जजने प्रश्न विचारला की मनात असेल ते सांगा. पोलिसांवर खरंच तेवढा विश्वास असेल तर तेही सांगा, पण वहिनी, मग गेल्या वर्षी स्पीडिंगचं तिकीट मिळालं तेव्हाचं तुमचं बोलणं विसरावं लागेल.

माझी तीन वर्षं आता संपली. म्हणजे माझं नाव पुन्हा यादीत जाणार. आलं समन्स तर मी तासांचा हिशेब करीन, चरफडेन आणि जाईन. त्या खोलीत तुमच्यापैकी कोणी दिसलं तर हात करा. डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या आणते. यावेळी साडेदहाला संपवणार नाही.

आपली,
एक फार्मसी टेक्निशियन
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी